मोज्याने पाय धावतो काय?

कमठाण्याहून बीदरकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहाटे पाचच्या सुमारास उभे राहिले, म्हणजे आमच्या भागातील तरुणांची सारी उमेद आपल्या समोरून धावत जाताना दिसते. लाल मातीचा माळ अजून अंधारात असतो आणि त्या अंधारातून दहा-बारा मुलांच्या पावलांचा एकच ठेका ऐकू येतो. कुणाला सैन्यात जायचे असते, कुणाला पोलिसात, कुणाला सीमा सुरक्षा दलात. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या शिपाई भरतीत पुरुष उमेदवाराला ५ किलोमीटरचे अंतर २४ मिनिटांत तोडावे लागते. चोवीस मिनिटांच्या अलीकडे नोकरी आणि पलीकडे पुन्हा बापाचे चार एकर, असा तो सरळ हिशेब आहे. त्यामुळे पाच-दहा सेकंद कुठून मिळतील याचा शोध ही मुले रात्रंदिवस घेत असतात.

मागच्या हिवाळ्यात या मुलांच्या पायांत एक नवीन वस्तू दिसू लागली. घोट्यापासून गुडघ्याच्या खालपर्यंत पोटरीला घट्ट आवळून बसणारी, काळ्या रंगाची, ताणली जाणारी नळीच ती. मोजा म्हणावे तर तिला तळवा नाही आणि पट्टी म्हणावे तर ती गुंडाळावी लागत नाही. तळवा असलेले पूर्ण मोजेही याच जातीचे मिळतात आणि कमरेपर्यंत येणारे घट्ट पायजमेही मिळतात. इंग्रजीत या साऱ्यांना कॉम्प्रेशनचे कपडे म्हणतात. आम्ही सोयीसाठी त्यांना दाबमोजे म्हणू.

आमच्या थोरल्या बंधूंचा मुलगा याच मुलांत धावतो. सोयाबीनचे पैसे आले त्या आठवड्यात तो बीदरला जाऊन असा एक जोड घेऊन आला. आम्ही किंमत विचारली. ती ऐकून आम्ही गप्प राहिलो, कारण तेवढ्या पैशात बरे बूट आले असते आणि त्याच्या बुटांचे तळ तर गुळगुळीत झाले होते.

"काका, हे घातलं की रक्त वर ढकलतं. पाय भरून येत नाहीत, वेग वाढतो," तो म्हणाला.

"तुला कुणी सांगितलं?"

"मोबाइलमधे बघितलो. आणि दुकानदार पण तेच म्हणाला."

मोबाइल आणि दुकानदार या दोघांची साक्ष एकच पडल्यावर काकाच्या शंकेला किंमत ती काय राहणार? तथापि तो प्रश्न आमच्या मनातून गेला नाही. आपल्या वाचकांपैकी कित्येकांची मुले हैदराबाद, बंगळूर, इंदूर, बडोदे अशा शहरांतून नोकऱ्या करतात आणि रविवारी पहाटे दहा किंवा एकवीस किलोमीटर धावतात. त्यांच्याही पायांत हे मोजे आले आहेत, येत आहेत. तेव्हा या वस्तूत खरे किती आणि बोलणे किती, हे एकदा नीट पाहावे असे आम्ही ठरवले.

आरंभ शरीरापासूनच करू. हृदयाकडून पायाकडे रक्त जाणे सोपे असते, कारण मागे हृदयाचा जोर असतो. अडचण परतीच्या प्रवासात आहे. घोट्यापासून छातीपर्यंतची ही चढण त्या रक्ताला चढावी लागते. निसर्गाने यासाठी दोन योजना केल्या आहेत. पायातील शिरांमध्ये ठिकठिकाणी एका बाजूलाच उघडणाऱ्या झडपा आहेत, त्यामुळे वर गेलेले रक्त सहसा खाली येत नाही. दुसरी योजना म्हणजे पोटरीचे स्नायू. पाऊल टाकताना ते आवळतात, आतल्या शिरा दाबल्या जातात आणि रक्त पुढे ढकलले जाते. म्हणूनच डॉक्टर मंडळी पोटरीला दुसरे हृदय म्हणतात. माणूस निश्चल उभा असला, की घोट्याजवळच्या शिरांत पाऱ्याच्या सुमारे ८० ते ९० मिलिमीटर इतका दाब साचतो. तोच माणूस चालू लागला, की काही पावलांतच हा दाब ३० च्या आसपास किंवा त्याखाली उतरतो. रक्तदाब मोजताना आपण जे माप ऐकतो, तेच हे माप.

वाचकांनी हे दोन आकडे ध्यानात ठेवावेत, कारण पुढचा सारा विचार त्यांवर उभा आहे. ज्याचा पाय हलत नाही त्याच्या घोट्यात दाब साचतो. जो धावतो आहे त्याची पोटरी मिनिटाला दीडशेहून अधिक वेळा जमिनीला रेटा देते आणि प्रत्येक रेट्याबरोबर रक्त वर पाठवते. मग धावणाऱ्याला बाहेरून कुणी पोटरी दाबून देण्याची गरज कितपत?

दाबमोजा मुळात धावणाऱ्यासाठी जन्मलाच नाही. कॉनराड जॉब्स्ट नावाचे एक जर्मनीत जन्मलेले अभियंते अमेरिकेत ओहायो राज्यातील टोलेडो येथे राहत. त्यांना शिरांचा जुना विकार होता. पोहण्याच्या तलावात उभे राहिले, की आपल्या पायांना आराम पडतो, हे त्यांच्या लक्षात आले. कारण उघड होते. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो. छातीशी तो अगदी थोडा, मांडीशी त्याहून अधिक आणि घोट्याशी सर्वांत जास्त. एक मीटर खोल पाण्यात तो पाऱ्याच्या सुमारे ७३ मिलिमीटर इतका भरतो. म्हणजे जिथे शिरा सर्वांत अधिक फुगतात तिथेच पाणी त्यांना सर्वांत अधिक आवरून धरते. विहिरीत किंवा ओढ्यात कमरेइतक्या पाण्यात उभे राहिल्यावर दिवसभराच्या कामाने जड झालेले पाय हलके वाटतात, हा अनुभव आपल्याकडच्या कुणाला नाही? जॉब्स्ट यांनी त्या अनुभवाचे कापड केले. घोट्याशी जास्त दाब आणि वर जाताना क्रमाक्रमाने कमी, असा मोजा त्यांनी बनवला आणि १९५० च्या दशकात तो बाजारात आला. हा मोजा रोग्याचा होता. शिरा फुगलेल्यांचा, घोट्याशी बऱ्या न होणाऱ्या जखमा असलेल्यांचा, अंथरुणाला खिळलेल्यांचा. खेळाडूंच्या पायांत तो पुष्कळ उशिरा गेला. इंग्लंडची पॉला रॅडक्लिफ हिने २००३ साली लंडन येथे मॅरेथॉनचे अंतर २ तास १५ मिनिटे २५ सेकंदांत तोडून स्त्रियांचा जागतिक उच्चांक केला. ती गुडघ्यापर्यंतचे असे मोजे घालून धावत असे आणि तिची छायाचित्रे जगभर गेली. लोकांनी मोजे पाहिले. त्यामागची वर्षानुवर्षांची मेहनत छायाचित्रात दिसत नाही.

पोटरी आवळून चालण्याची कल्पना आपल्या देशाला मात्र नवी नाही. जुन्या फौजेतील शिपाई घोट्यापासून गुडघ्यापर्यंत लांब कापडी पट्टी गुंडाळीत. आपल्याकडचा पट्टी हा शब्द या पट्टीबरोबरच इंग्रजीत गेला आणि तिथे तो आजही कोशात आहे. पायदळाचा शिपाई ती घोट्यापासून वर गुंडाळी, तर घोडेस्वार गुडघ्याकडून खाली. पायाला आधार, काट्याकुट्यांपासून रक्षण आणि बुटात माती न जाणे, असे तिचे तीन उपयोग. परंतु पहिल्या महायुद्धातील चिखलाच्या खंदकांत त्याच पट्टीची दुसरी बाजू दिसली. ओली झाली, की ती आवळे. रक्त अडे आणि थंडीने आधीच बधिर झालेले पाय अधिकच बिघडत. पट्टी सैल गुंडाळा, असे तेव्हा शिपायांना बजावून सांगावे लागले. दाब हा औषधासारखा आहे. त्याला मात्रा असते, आणि मात्रा चुकली, की औषध राहत नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. हे मोजे घातल्याने धावणारा लवकर पोचतो काय?

या प्रश्नावर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत प्रयोग पुष्कळ झाले. २०१६ साली त्यांपैकी ३२ प्रयोगांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. ४०० मीटरपासून लांब पल्ल्यापर्यंतच्या निरनिराळ्या शर्यतींत दाबाचे कपडे घालणारे आणि न घालणारे यांच्या वेळांत दखल घेण्याजोगा फरक त्यात दिसला नाही. धावून झाल्यावर स्नायूंचे दुखणे मात्र काहीसे कमी राहते, असे त्या आढाव्यात आढळले.

दुसरे एक म्हणणे असे असते, की प्रत्येक पावलागणिक स्नायू थरथरतात, त्या थरथरीने ते थकतात आणि घट्ट कपडा ती थरथर आवरतो. ऐकायला हे पटण्यासारखे आहे. ओहायो राज्य विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ साली हेच तपासून पाहिले. अनुभवी धावपटूंना त्यांनी यंत्राच्या पट्ट्यावर अर्धा तास जोराने धावावयास लावले, एकदा मांडीवर घट्ट पायजमा घालून आणि एकदा न घालता. थरथर खरोखरच कमी झाली होती. पण धावण्यापूर्वी आणि धावल्यानंतर पायाची ताकद आणि उडीची उंची मोजली, तेव्हा दोन्ही वेळी थकवा सारखाच निघाला. थरथर थांबली म्हणून थकवा थांबला नाही. विशेष हे, की या प्रयोगाचा खर्च अशाच वस्तू विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीने केला होता. निकाल आपल्या मालाच्या बाजूने लागला नाही तरी तो लोकांपुढे आला, हे नमूद करणे आम्हांस न्यायाचे वाटते.

मग या वस्तूत काहीच नाही काय? तसेही नाही. ऑस्ट्रेलियातील एका प्रयोगात मॅरेथॉन धावलेल्या ३३ जणांचे दोन गट केले. एका गटाने शर्यतीनंतर ४८ तास खरे दाबमोजे घातले. दुसऱ्या गटाला तसेच दिसणारे, पण दाब नसलेले मोजे दिले. दोन आठवड्यांनी सर्वांना दम संपेपर्यंत धावावयास लावले. खरे मोजे घातलेले आपल्या पूर्वीच्या वेळेपेक्षा सरासरी २.६ टक्के अधिक टिकले, तर दुसरे सरासरी ३.४ टक्के कमी. २०१५ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तेहतीस माणसे म्हणजे फार मोठी संख्या नव्हे आणि एकेका माणसात फरकही पुष्कळ होता. तरी दिशा ध्यानात घेण्याजोगी आहे. मोज्याचा काही उपयोग असेल तर तो धावताना नव्हे, धावून झाल्यावर, पाय स्वस्थ पडला असताना. वर सांगितलेल्या दोन आकड्यांशी हे जुळते. पोटरी काम करीत असते तेव्हा तिला मदतनीस लागत नाही. ती थांबते, तेव्हा मदतनिसाला काम मिळते.

एक गोष्ट मात्र आकड्यांत सहज सापडत नाही. मोजा घातला, की पाय सुरक्षित वाटतो, मन खंबीर होते. शर्यतीत मनाचा वाटा काही थोडा नसतो. ज्याला तसे वाटते आणि ज्याला ते परवडते, त्याने खुशाल घालावा. आमची हरकत सुखाला नाही. आमची हरकत आहे ती त्या सुखाने झाकल्या जाणाऱ्या गोष्टीला, आणि ती आम्ही आमच्याच घरात पाहिली.

माघ महिना होता. भरतीची धाव तीन आठवड्यांवर आली होती. एके दिवशी आमचा पुतण्या ओसरीची पायरी उतरताना किंचित थांबला आणि पाऊल तिरपे टाकून उतरला. आम्ही विचारले, "पायाला काय झालं?" "काही नाही काका," म्हणून तो गेला. रात्री बंधूंच्या घरी गेलो तेव्हा तो खाटेवर बसून नडगीवर बोट दाबून पाहत होता. अंगठ्याएवढ्या एका जागी बोट टेकले, की त्याचा चेहरा कसनुसा होई. आम्ही त्याला त्या एका पायावर उडी मारण्यास सांगितले. त्याला ती मारता आली नाही.

"कधीपासून?"

"महिना झाला असेल. दुखायलं होतं, पण मोजा घातला की कमी वाटायचं. म्हणून पळत राहिलो. काढला की रात्री ठणकायचं."

दुसऱ्या दिवशी त्याला बीदरला हाडांच्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी नडगीच्या हाडाला बारीक तडा गेल्याचे सांगितले. रोज तोच आघात तीच जागा सोसत राहिली आणि हाडाला भरून येण्यास उसंत मिळाली नाही, म्हणजे असा तडा जातो. त्यांनी समजावून सांगितले, की आरंभीच्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेमध्ये हा तडा पुष्कळदा दिसतही नाही. म्हणून दुखण्याची जागा आणि दुखण्याची तऱ्हाच पाहावी लागते. नडगीच्या कडेने लांबवर पसरलेले, धावायला लागल्यावर उठणारे आणि विश्रांतीने शमणारे दुखणे एक. बोटाच्या टोकाएवढ्या जागेत नेमके सापडणारे, रात्री स्वस्थ पडल्यावरही ठणकणारे दुखणे दुसरे. या दुसऱ्यावर धावत राहणे म्हणजे तड्याचा मोडा करून घेणे. सहा ते आठ आठवडे धावणे बंद, असा हुकूम झाला.

परतीच्या वाटेवर पोरगा एक शब्द बोलला नाही. बंधूही बोलले नाहीत. भरतीच्या दिवशी गावातील इतर मुले पहाटे जीपगाडीने गेली. हा दारात उभा राहून ती गाडी वळणाआड होईपर्यंत पाहत होता. वयाची अट असलेल्या नोकरीत एक वर्ष म्हणजे काय, हे ज्याच्या घरी असे पोर आहे त्यालाच कळेल.

दोष मोज्याला द्यावा काय? हाड मोज्याने मोडले नाही. ते मोडले घाईने. पंधरा दिवसांत धावण्याचे अंतर दुप्पट केले, बुटांचे तळ झिजलेले, रस्ता डांबरी, झोप पाच तास. परंतु दुखणे हा शरीराचा निरोप असतो आणि तो निरोप महिनाभर दाबून ठेवण्याचे काम त्या मोज्याने चोख बजावले. ज्या पैशात बूट आले असते, त्या पैशात त्याने निरोप न ऐकण्याची सोय विकत घेतली होती.

आता याच घरातली दुसरी हकीकत सांगतो. ती सांगितल्याखेरीज हा लेख पुरा होणार नाही.

आमच्या वहिनींनी प्राथमिक शाळेत तीस वर्षे नोकरी केली. तीस वर्षे फळ्यासमोर उभ्या, आणि घरी आल्यावर चुलीसमोर उभ्या. त्यांच्या डाव्या पोटरीवर दोरीसारख्या निळ्या शिरा वर आल्या आहेत. संध्याकाळी घोट्याशी बोट दाबले, तर खळगा पडतो आणि तो भरून यायला वेळ लागतो. घोट्याच्या वरची कातडी काळवंडू लागली आहे. व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात तो हा विकार. झडपा सैल झाल्या, की वर गेलेले रक्त पुन्हा खाली उतरते आणि साचते. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी तपासून त्यांना मापाचे दाबमोजे लिहून दिले होते. ते मोजे फडताळात, वेष्टनासकट पडून होते. आम्ही विचारले, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भावजी, असलं घट्ट पायात घालून भाकरी थापू का मी? आणि चारचौघींत कसं दिसतं ते!"

म्हणजे पाहा. ज्या पायाला मोज्याची गरज नव्हती, तो मोजा घालून माळावर धावत होता. ज्या पायासाठी मोजा जन्माला आला, तो चुलीसमोर उघडा सुजत होता. आमच्या समजुतीने ही स्थिती एकट्या आमच्या घरची नाही. तरुणांच्या मोज्यांची जाहिरात होते आणि आईच्या मोज्याची लाज वाटते.

म्हणून वाचकांना, विशेषतः घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना, सांगावेसे वाटते, की शिरा फुगल्या असतील, संध्याकाळी पाय सुजत असतील, तर हा मोजा चैनीची वस्तू नाही, ते औषध आहे. मात्र ते डॉक्टरांनी पाय तपासून, माप घेऊन, दाबाचा आकडा लिहून दिल्यावरच घ्यावे. माप सकाळी, सूज चढण्यापूर्वी घ्यावे. मोजा सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वीच चढवावा आणि रात्री निजताना काढावा. वरची कड दुमडून खाली गुंडाळू नये, कारण ती दुमड दोरीसारखी आवळते आणि रक्त अडवते. सहा महिन्यांनी मोज्यातला ताण ओसरतो, तेव्हा तो बदलावा. ज्यांची मुले परदेशी आहेत आणि ज्यांना चार तासांहून अधिक वेळ विमानात बसून जावे लागते, त्यांच्यासाठीही तो उपयोगाचा आहे. दूरच्या विमानप्रवासात असे मोजे घातल्याने पायाच्या खोल शिरांत नकळत रक्त गोठण्याचे प्रमाण घटते, हे अनेक प्रयोगांच्या एकत्रित अभ्यासातून दिसून आले आहे. बसलेला पाय हलत नाही. तिथे मोज्याला काम आहे.

आणि इशाराही तितकाच महत्त्वाचा. थोडे चालले, की पोटरीत वळ येतो आणि थांबले, की जातो, पाऊल गार पडते, अशी लक्षणे असतील तर विकार शिरांचा नसून हृदयाकडून रक्त आणणाऱ्या धमन्यांचा असू शकतो. अशा पायाला बाहेरून दाबणे धोक्याचे आहे. जुना मधुमेह असून पावले बधिर झाली असतील, तर मोजा रुतला तरी कळत नाही. अशांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून असा मोजा चढवू नये.

धावणाऱ्या मुलांना काय सांगावे? बीदर, बेळगाव हे मुलूख धावणाऱ्यांना परके नाहीत. बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत शेतकऱ्यांची मुले अनवाणी धावताना पाहून दोराबजी टाटांच्या मनात ऑलिंपिकला माणसे पाठवण्याचा विचार आला आणि त्यातून जो छोटा संघ गेला, त्यात चौगुले होते. त्या साली मॅरेथॉनचे अंतर ४२.७५ किलोमीटर, म्हणजे नेहमीपेक्षा थोडे अधिकच होते. चौगुले यांनी ते २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत तोडले आणि ते एकोणिसावे आले. आमच्याच जुन्या निजामी मुलखातील बीड जिल्ह्यात मांडवा नावाचे गाव आहे. तिथला अविनाश साबळे लहानपणी सहा किलोमीटरवरच्या शाळेला पायी जाई. बारावीनंतर तो महार रेजिमेंटमध्ये भरती झाला, सियाचीनच्या बर्फात राहिला, आणि धावण्याच्या स्पर्धांकडे वळला तो त्यानंतरच. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत त्याने ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक घेतले आणि २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली. या दोघांनी पायात काय घातले होते, हा प्रश्न आम्हांला गौण वाटतो. त्यांच्या पायांत वर्षे होती. हाड वर्षांनी घट्ट होते, स्नायूबंध वर्षांनी चिवट होतात. पेठेत वर्षे विकत मिळत नाहीत, म्हणूनच पेठ मोजे विकते.

तेव्हा ज्याच्याजवळ मोजकेच पैसे आहेत, त्याने पहिला पैसा बुटांवर खर्च करावा. दुसरा पोटावर. भाकरी, डाळ, दूध, अंडी, जे घरात चालत असेल ते. आमच्या गुलबर्ग्याची, म्हणजे आताच्या कलबुर्गीची, तूर साऱ्या देशात जाते आणि तिथल्याच पोराच्या ताटात डाळ पातळ असावी, हे बरे नव्हे. झोपेला पैसा लागत नाही. ती सात-आठ तास घ्यावी. अंतर आठवड्याआठवड्याने थोडे थोडे वाढवावे. डांबर सोडून मातीवर धावावे. माती आमच्याकडे हवी तेवढी आहे. हे सारे करून पैसे उरले आणि लांब धावेनंतर मोजा घालून पाय वर ठेवून पडावेसे वाटले, तर जरूर पडावे. त्यात वाईट काही नाही.

पुतण्याचा पाय आठ आठवड्यांनी सुधारला. चैत्रात तो चालू लागला, ज्येष्ठात हळूहळू धावू लागला. बंधूंनी त्याला नवे बूट आणून दिले. वहिनींनी फडताळातला जोड काढला. पहिले चार दिवस कुरकुर केली, पाचव्या दिवसापासून ती बंद झाली. संध्याकाळची सूज उतरली आहे, असे त्या स्वतःहून सांगत नाहीत, पण मोजे रोज धुऊन दोरीवर वाळत असतात.

परवा त्याच दोरीवर शेजारी काळ्या मोज्यांचाही जोड दिसला. आम्ही पुतण्याकडे पाहिले. तो ओशाळला.

"काका, काल बारा किलोमीटर पळलो. रात्री घातलो फक्त."

"नडगी?"

त्याने तिथल्या तिथे त्या पायावर चार उड्या मारून दाखवल्या. पुढची भरती हिवाळ्यात आहे. पाचाची धाव त्याला अजून साडेपंचवीस मिनिटांची लागते. दीड मिनिट काढायचे आहे आणि हातात महिने आहेत.

"घाल," आम्ही म्हणालो. "पण दुखलं तर आधी तो काढ, आणि मग आम्हांला सांग."